छतातलं रान

औसा, ९ नोव्हेंबर २०२४

अक्षरा,

मायन्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. नाव मीच ठेवलेलं आहे, तेवढं तरी हक्कानं लिहिता येतं.

माझा फोन तू उचलत नाहीस, आईचा उचलतेस. अव्वा स्पीकरवर बोलते आणि मी पलीकडे पेपरात तोंड घालून बसतो. हे तुला कळलेलंच आहे. परवा मला खोकला आला तेव्हा तू बोलता बोलता थांबलीस आणि 'बरं, ठेवते' म्हणालीस. अव्वा माझ्यावर उखडली. "जरा वेळ खोकला दाबून धरवत न्हाई का हो तुमाला?"

रविवारच्या पुरवणीत तुझा लेख आला. बसलिंगप्पा किराणावाला गिऱ्हाईक सोडून अंक घेऊन आला. "सर, तुमच्या अक्षराचा फोटू! डोक्याला हेल्मेट, तोंड सगळं उन्हानं काळंमिट्ट. ह्या फोटूवर स्थळ येतंय व्हय कुटलं?" मी म्हटलं, बाबा, स्थळाचा विषय तिनंच बंद केलाय, तू तुझी साखर मोज.

लेख मी मोठ्यानं वाचला. शाळेत कविता वाचायचो तसा, सावकाश, जिथं थांबायला हवं तिथं थांबत. बीजधारी नेचे. केवढा गोड शब्द! आपल्या नळाजवळच्या कुंडीत वाढतो तो नेचा, त्याला बी नसते. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी अशी झाडं होती की त्यांनी नेच्यांच्या काळातच बी धरायला सुरुवात केली. आपल्याकडच्यांची पानं जिभेसारखी, आणि बी पानाच्याच अंगावर. फूल नाही, फळ नाही, पानच लेकुरवाळं. हे वाक्य माझं आहे, तुझं नाही. तुला आवडलं तर घे.

शेवटच्या परिच्छेदापाशी मात्र मी अंक खाली ठेवला. डिसेंबरपासून तू गोदावरीच्या खालच्या अंगाला, तेलंगणातल्या खाणीत उतरणार. जमिनीखाली. कोळसा काढून झाला की वरच्या दगडात त्या पानांचे ठसे दिसतात, म्हणून तू त्या दगडाखाली उभी राहून मान वर करून ते टिपून घेणार.

छताखाली, अक्षरा. आणि ते छत कुणी बांधलेलं नाही. कुणा गवंड्यानं ओळंबा लावलेला नाही.

दुसरं काही काम नाही का? नदीकाठी, उन्हात, उघड्यावर सापडत नाहीत का हे नेचे?

मे महिन्यात जे झालं त्याबद्दल एवढंच लिहितो, की तुझ्या गृहप्रवेशाला मी आलो होतो. जिन्यापर्यंत आलो होतो. हे कुणी धरतच नाही.

अप्पा


औसा, २४ नोव्हेंबर

अक्षरा,

तुझं उत्तर अव्वाकडून मिळालं. तिनं ते तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं, हात कमरेवर ठेवून. "अप्पांना सांग, तुम्ही माझ्या छताखाली येत नाही, तेव्हा मी कुणाच्या छताखाली जाते ते विचारायचं नाही."

बोललीस ते झोंबलं. वाक्याला तोल मात्र सुरेख आहे.

तुला वाटतं मी हट्टानं खाली उभा राहिलो. पूजेला आलेले जंगमस्वामी वर गेले, तुझ्या कॉलेजचे लोक गेले, अव्वा गेली आणि तुझा बाप रस्त्याच्या कडेला, कडुलिंबाखाली. तू ताट खाली पाठवलंस. लोक विचारत होते, हे कोण? तुझी मान खाली गेली, हे मला खालूनसुद्धा दिसलं. पण माझे पायच उचलेनात. त्र्याण्णव सालापासून मी स्लॅबखाली झोपलेलो नाही. नोकरीतली उरलेली वर्षं वर्गसुद्धा दारात उभं राहून घेतला, पाऊस आला तर एक खांदा भिजवत. पोरांना वाटायचं सरांना वाऱ्याची आवड आहे. हे सगळं तू बघत मोठी झालीस, आणि तरी तिसरा मजला घेतलास. तळमजला नव्हता का, हे मी त्या दिवशी विचारलं आणि तिथंच आपलं बोलणं संपलं.

किल्लारीच्या बाजूच्या आपल्या गावातलं घर तुला आठवायचं नाही, तू जेमतेम चालायला लागली होतीस. माळवदाचं घर. दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, की गळत नाही. वर्षानुवर्षं आपण आपल्या डोक्यावर माती चढवत गेलो, आणि गारवा किती छान म्हणून त्याचं कौतुक केलं. तुला खोकला होता म्हणून मी तुला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होतो. नागम्माआत्या आत झोपली होती. अव्वा उदगीरला माहेरी. आधी जमीन गुरगुरली. मग घर बसलं. आधी आवाज झाला, एवढं लक्षात ठेव. कितीही थोडा, पण आधी आवाज होतो. त्या आधाराच्या जोरावर मी आजवर झोपतोय.

धम्मप्रिया रविवारी येऊन गेली. तुझ्या हाताखाली संशोधन करते हे ती ज्या तोऱ्यात सांगते! सातवीत माझ्या वर्गात होती, तेव्हा कविता पाठ नसली की पोट दुखायचं तिचं. मी तिला माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आणि म्हटलं, ते रान कसं होतं ते मला नीट सांग.

ती सांगत गेली आणि मी, काय लिहू, तासभर इथं नव्हतोच. भारत तेव्हा दक्षिणेला, थंडीत, आफ्रिका-ऑस्ट्रेलियाला चिकटलेला. गोदावरी नव्हती, पण तिचं खोरं व्हायला लागलं होतं. दलदल. त्या दलदलीत हे उंच उंच वृक्ष, मुळांत हवेच्या पोकळ्या, पाण्यात गुदमरू नयेत म्हणून. खाली पेरापेरानं वाढणाऱ्या वेताएवढ्या वनस्पती, खरे नेचे, शेवाळ. आणि पानं एका साच्याची नाहीत. रुंद, अरुंद, मधली शीर असलेली, नसलेली, शिरांची जाळी दाट, विरळ. एका हाताएवढ्या दगडावर कितीतरी. मला वाटलं, वर्गातल्या वह्या पसरून ठेवल्यात आणि प्रत्येकाचं अक्षर निराळं. हिवाळा आला की सगळ्यांनी पानं गाळायची, त्यावर गाळ, त्यावर पुढच्या वर्षीची पानं. काही पानांच्या कडा किड्यांनी कुरतडलेल्या. तो घाससुद्धा टिकला म्हणे!

"मग संपलं कसं?" मी विचारलं.

"सगळंच बदललं सर. ऊन वाढलं, दलदली आटल्या, हवाच बिघडली. पंचवीस कोटी वर्षं झाली."

"भ्याली असतील का गं ती?"

"सर, झाडं भीत नसतात," ती हसली. "तुमी म्हंजे ना!"

मला खात्री नाही.

रात्री दोन ओळी सुचल्या.

जुन्या त्या वनी पान होते निजेले
तया अंगणी लेक माझी उभी का

भुजंगप्रयात बिनचूक उतरलाय, मात्रेची सुद्धा ओढाताण नाही. पण पुढच्या दोन ओळी येत नाहीत. पुढं काय होतं ते लिहायला हात धजत नाही.

अप्पा


औसा, १२ डिसेंबर

अक्षरा,

अव्वा बरी आहे. तुरीच्या शेंगा आल्यात, उकडून मीठ लावून खातो. परवा लातूरला कामासाठी गेलो होतो, बाकी विशेष नाही.

खोटं कशाला लिहू. लातूरला उतरलो आणि समोर नांदेडची एसटी लागलेली, तीत बसलो.

विष्णुपुरीच्या अलीकडे उतरून तुझ्या इमारतीपाशी आलो तर तुझा वॉचमन शेषेराव बाजेवर बसून हरभरा सोलत होता. मला त्यानं ओळखलं. "झाडाखालचे काका ना तुम्ही? त्या दिवशी जेवण मीच आणून दिलं होतं. आज कोणाकडं जाऊन राहिलात?"

"अक्षराकडं."

"म्याडम तर खाणीला गेल्या. सोमवारीच. बॅगा, दोऱ्या, बॅटऱ्या, ती पोरगी सोबत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वर जाऊन बसा की. चावी हाय माझ्याकडं. लिफ्ट हाय."

तू घरात नाहीस म्हटल्यावर जरा धीर आला. म्हटलं, कुणी बघणारं नाही, आज करून पाहू. लिफ्ट नको म्हणालो. छताखाली आणखी एक छत, तेही दोरीला टांगलेलं. जिन्यानं निघालो. भिंतीला हात लावून, तोंडानं यमाताराजभानसलगा म्हणत. गण म्हटले की माझं काळीज थाऱ्यावर येतं, शाळेपासूनची सवय. पहिल्या वळणावर पोचलो. तिथं वरच्या जिन्याची खालची बाजू डोक्यावर येते ना, ती दिसली. सिमेंटमध्ये फळ्यांचे ठसे उठलेत. ओतताना लावलेल्या फळ्यांच्या शिरा, गाठी, सगळं. लाकूड गेलं, ठसा राहिला. मला तुझी पानं आठवली आणि त्याच क्षणी वाटलं, आता हे येणार खाली.

कसा उतरलो आठवत नाही. शेषेरावनं पाणी दिलं. "काका, बीपी तपासून घ्या," म्हणाला. मी म्हटलं, अरे बीपी नाही, भूकंप आहे. त्याला काही समजलं नाही. माझ्या शिदोरीतले धपाटे आणि शेंगाची चटणी त्याच्यापाशी ठेवलीय. तू येईपर्यंत टिकायची नाहीत, तो खाईल तर खाऊ दे.

अव्वाला यातलं बोलू नकोस. ती म्हणेल, नांदेडपर्यंत गेलाव आणि गुरुद्वारात माथा टेकून यायचं सुचलं न्हाई.

अप्पा


औसा, ३ जानेवारी २०२५

अक्षरा,

पत्र खाणीच्या गेस्टहाऊसच्या पत्त्यावर टाकतोय, धम्मप्रियानं लिहून दिला. ती नव्या वर्षाला घरी आली होती, तू आली नाहीस. तो भाग फेब्रुवारी संपता बंद करून पाण्यानं भरणार आहेत, म्हणून तू सुट्टी घेत नाहीस, असं ती म्हणाली. आजवर कुणी न पाहिलेलं रान एकदाच उजेडात येणार आणि कायमचं पाण्याखाली जाणार, हे मला कळतं. मला न कळण्यासारखं त्यात काय आहे? मी असतो तर मीही... नाही. मी नसतो गेलो.

मी तिला विचारलं, छत कशावर आहे? ती म्हणाली, लोखंडी बोल्ट ठोकलेत, मध्येमध्ये लाकडी टेकू आहेत, रोज सकाळी एक माणूस लांब काठीनं छत ठोकत जातो आणि आवाज भरीव आला की मगच आम्हाला सोडतात. लाकडी टेकू मोडायच्या आधी करकरतो. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, म्हणजे आवाज होतो.

मग ती पोरगी उत्साहात पुढं बोलत गेली. "आणि सर, छतात मधूनच एक गोल दिसतं, उलटा हंडा चिकटवल्यासारखं. ते बुंधे! आमच्याच झाडांचे. झाड उभ्यानं गाळात गाडलं गेलं, आत गाळ भरला, त्याचा दगड झाला. भोवतीच्या सालीचा कोळसा."

"मग एवढा जड बुंधा वर कशानं धरलाय?"

"सालीनं."

"आणि सालीला?"

"साल गुळगुळीत असती सर," ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली.

"तो सुटला तर टेकू करकरतो ना?"

"थर खचला तर करकरतो. बुंधा सुटला तर न्हाई. तो नुसता येतो."

नुसता येतो. तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या ताटात, अंथरुणात, सगळीकडे आहेत.

ती म्हणाली की दिसलेल्या प्रत्येक बुंध्याभोवती तुम्ही खडूनं कडं काढता आणि त्याखाली जात नाही. आणि न दिसलेले? जो अजून बोटभर दगडाच्या वर दडलाय, त्याच्याभोवती खडू कोण फिरवणार?

बसलिंगप्पाला सांगितलं तर म्हणतो, "सर, औशाच्या ष्टँडवर टमटमखाली मरणारे किती, मोजा जरा. पोरगी दगडाखाली न्हाई गेली तरी काय अमरपट्टा बांधून आली व्हय?" त्याला मी पुन्हा काही सांगणार नाही.

मी तुला परत ये म्हणत नाही. म्हटलं तर तू दोन दिवस जास्त राहशील, स्वभाव मला ठाऊक आहे, माझाच आहे. एवढंच कर. पानं बघताना एका जागी फार वेळ थांबू नकोस. बघ आणि सरक. कविता वाचताना मी थांबायला शिकवलं, इथं थांबू नकोस.

अप्पा


औसा, १७ जानेवारी

अक्षरा,

संक्रांतीला तुझा फोन आला नाही. अव्वा म्हणाली, खाली रेंज नसती. काल आला नाही. अव्वा म्हणाली, दमली असेल. आज सकाळपासून ती देव्हाऱ्यापुढं बसलीय, कपाळावरची विभूती घामानं उतरलीय तरी उठत नाही. थंडीत घाम.

मी तुला दोनदा फोन लावला. बंद. धम्मप्रियाचा बंद. गेस्टहाऊसचा नंबर नाही. टीव्हीवर काही नाही. काही नाही म्हणजे चांगलं, असं बसलिंगप्पा म्हणतो, पण आज तोही चेष्टा करत नाही आणि दुकान सोडून इथं येऊन बसलाय. त्यामुळं जास्त भीती वाटते.

हे पत्र कुठं पाठवायचं हे मला माहीत नाही. लिहीत राहिलो की तू वाचणार आहेस असं वाटतं, म्हणून लिहितोय. य मा ता रा ज भा. पुढचं आठवत नाही. चाळीस वर्षं शिकवलं आणि आठवत नाही.

दुपारी:

फोन आला. तू जिवंत आहेस.

अव्वा स्पीकर लावायचं विसरली, मी तिच्या तोंडाकडे बघत उभा. मग तिनं फोन माझ्याकडं दिला. तू ठेवला नाहीस. बोललीही नाहीस. मी तुझा श्वास ऐकला, तू माझा ऐकला असशील. मे महिन्यानंतरचं आपलं हे पहिलं बोलणं.


औसा, २ फेब्रुवारी

अक्षरा,

आता सगळं कळलंय. अव्वा नांदेडला तुझ्यापाशी पोचल्यापासून रोज सांगते. तू आणि धम्मप्रिया समोरासमोर स्टुलांवर बसून छतातली पानं कागदावर उतरवत होतात. खडूचं कडं नव्हतं. टेकू करकरला नाही. सकाळीच छत ठोकून गेलेले. मध्येच दोघींच्या मधोमध एक बुंधा येऊन पडला. धम्मप्रियाचा खांदा मोडला. तू तिला ओढत आणलंस. तिचं ऑपरेशन झालं, आता ती दवाखान्यात नर्सला नेच्यांचे प्रकार शिकवतेय म्हणे. पोरगी उभी राहील.

पण तू?

तू तुझ्या घरात जात नाहीस. अव्वा वर स्वयंपाक करते आणि ताट खाली आणते. तू शेषेरावच्या पत्र्याच्या केबिनीत बाजेवर झोपतेस आणि तो बिचारा गेटाबाहेर खुर्ची टाकून बसतो. कॉलेजात रजा टाकलीस, कारण वर्ग छताखाली आहे. लोक विचारतात तेव्हा 'वर गरम होतं' म्हणतेस. जानेवारीत! मी 'वाऱ्याची आवड आहे' म्हणायचो.

अव्वा फोनवर रडली. "बापाचं वारं लागलं हो पोरीला. एकाचं निस्तरता निस्तरता माझा जल्म गेला, आता दुसरं."

तू घाबरावंस म्हणून मी पत्रामागून पत्र लिहिलं. मला वाटायचं, माझ्या भीतीतली ओंजळभर तुला देता आली तर तू वाचशील. आता तुला ती पुरती लागली आणि मला ते बघवत नाही. मला ठाऊक आहे हे पुढं कुठं जातं. आधी आठवडाभर पत्र्याखाली. मग पावसाळाभर. मग पत्रा बरा वाटायला लागतो. मग दारात उभं राहून वर्ग. मग मित्र बोलवेनासे होतात, कारण तुम्ही त्यांच्या घरात येत नाही. मग एक दिवस लेकीचा गृहप्रवेश असतो. हे सगळं मी तुला लिहून देऊ शकतो, मला पाठ आहे.

खाणीत परत जा असं मी म्हणणार नाही. एवढा मोठा माणूस मी नाही. तो भाग बुडेल तर बुडो, ती पानं माझ्या कुणी लागत नाहीत. पण घरात जा. अव्वानं सांगून, डॉक्टरनं सांगून तू जात नाहीस. मी सांगून तर मुळीच जाणार नाहीस. मी कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून येतोय. शनिवारी. काय करणार आहे ते मलाही माहीत नाही.

अप्पा


नांदेड, तुझं घर, तिसरा मजला
८ फेब्रुवारी, सकाळ

अक्षरा,

शेषेराव ही चिठ्ठी घेऊन तीन मजले उतरेल. फोन करता आला असता, पण आवाज कापतोय. अक्षर कापलं तरी वाचता येतं.

तू खाली काय म्हणालीस ते मी ऐकलं. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलंस आणि पहिले शब्द काय, तर "अप्पा, वर नका जाऊ." माझा सदरा धरलास. मे महिन्यात तू वरून 'या ना अप्पा' म्हणत होतीस. तेव्हा मी गेलो नाही, आज तू अडवलंस तर गेलो. तुझी अव्वा म्हणते तसं, माझं सगळं उलटंच. पण तुझी बोटं सुटताना मला तुझे डोळे दिसले आणि ते माझे होते. ते बघून मी जिना चढलो. धैर्यानं नाही. तिथं उभं राहून ते डोळे बघण्यापेक्षा स्लॅब बरा वाटला.

पहिल्या वळणावर बसलो. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, काका, कोण पाहिजे? मी कठडा धरून चढत राहिलो. तिसऱ्यावर अव्वानं दार उघडलं आणि मला बघून तिच्या हातातलं लाटणं पडलं. त्या आवाजानं मी परत दोन पायऱ्या उतरलो. तिनं मनगट धरून आत ओढलं. "आलाव तर आता उंबऱ्यात हुबं राहून शेजाऱ्यांना दाखिवताव व्हय?"

मी तुझ्या हॉलमध्ये आहे. भिंतीला पाठ लावून, खिडकीजवळ. सदरा पाठीला चिकटलाय. पंखा लावू दिला नाही, तो लटकतो. मघाशी वरच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी आपटलं आणि मी तुझ्या जेवणाच्या टेबलाखाली गेलो. खोटं लिहीत नाही, खरंच गेलो. अव्वा हसली, मग रडली, मग टेबलाखाली वाकून मला गूळ-पाणी दिलं. हे पत्र तिथंच लिहायला घेतलं, म्हणून वरच्या चार ओळी वाकड्या आहेत.

आता बाहेर आलोय. तुझ्या फळीवरचे दगड बघतोय. लेख वाचला होता, धम्मप्रियानं सांगितलं होतं, पण पान मी आज पाहिलं. एवढं साधं! शेळीनं खाल्लं असतं असं. एका दगडावर मोठ्या पानाला बिलगून एक अगदी लहान पान आहे, करंगळीच्या नखाएवढं, त्यालाही सगळ्या शिरा पूर्ण. ते वाढायचं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. धम्मप्रियाला सांग, झाडं भीत नसतील, पण हे एवढंसं पान घाईत नव्हतं, हे मला दिसतंय. त्याला वर काय आहे ते माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, तुला आणि मला. एकदा कळलं की ते नाहीसं करता येत नाही, आणि ते जाईल असं मी तुला सांगणार नाही. एकतीस वर्षं झाली, माझं गेलेलं नाही. आत्ताही नाही. प्रत्येक ओळीनंतर मी वर बघतो.

पण एक आजच कळलं. मी भीत भीत इथं बसलोय, आणि बसलोय.

तू वर आलीस म्हणजे काही होणार नाही असा शब्द मी देत नाही. कुणी दिला तर ऐकूही नकोस. नागम्माला मी झोप म्हणालो होतो.

शेषेराव दारात खोळंबलाय, "काका, म्याडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून वरच बघून राहिल्यात, लवकर द्या," म्हणतोय. देतो. अव्वा भाजी आणायला खाली निघालीय, मुद्दाम, मला माहीत आहे तिचं. म्हणजे आता मी इथं एकटा.

मी फार घाबरलोय, अक्षरा. एकट्यानं मला इथं बसवणार नाही. वर ये.

अप्पा